जागेवर नसलेली ग्रंथी

मी रेडिओलॉजीत एम.डी. करायला घेतलं तेव्हा सरकारी कचेरीत कारकून असलेल्या माझ्या वडिलांना एकच शंका होती. "तू पेशंटला तपासणार की नुसत्या मशीनला?" दोन्ही, असं मी म्हणाले. त्यांचं फारसं समाधान झालं नाही, पण घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र ते कौतुकानं सांगायचे, "पोरगी अणूचं शिकते." सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

त्या अभ्यासातले काही महिने मला अणुवैद्यक विभागात काढायचे होते. विभाग म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एक यंत्र आणि आमचे सर. किरणोत्सारी आयोडीन मुंबईहून शिशाच्या जाड डबीतून यायचं. त्याचा जोर दिवसागणिक उतरतो, म्हणून डबी आली की पेशंट हजर हवेत. पेशंटनं ते पाण्यासारखं औषध प्यायचं आणि दुसऱ्या दिवशी यंत्राखाली निजायचं. मानेतली थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. यंत्राचं डोकं मानेवरून आडवं जात-येत राही आणि जिथं आयोडीन सापडेल तिथं शेजारच्या कागदावर टकटक करत ठिपके पडत. हळूहळू ग्रंथीचा आकार दिसू लागे. मला ते बघत बसायला फार आवडायचं. एक्स-रेमध्ये हाडं दिसत. इथं शरीराचं चालू असलेलं काम दिसे.

एकदा पारशिवनीकडच्या खेड्यातून मायलेकी आल्या. मुलगी लग्नाच्या वयाची, हनुवटीखाली मानेच्या मधोमध सुपारीएवढी गाठ. साधी पाण्याची गाठ समजून सर्जननी ऑपरेशन ठरवलं होतं, पण त्याआधी एकदा स्कॅन व्हावा म्हणून आमच्याकडे पाठवलं होतं.

मुलगी औषधाचा ग्लास हातात धरून बसून राहिली.

"पिऊन टाक वं," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "घरीबी अशीच करते, डॉक्टरीणबाई. वावरात निंदायले गेलो तं साऱ्या बाया पार त्या टोकाच्या धुऱ्यावर पोचतात, हे मधातच बसलेली. उन्हाळ्यातबी चादर घेऊन झोपते. आळशी आहे नुसती."

मुलीनं औषध पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र लावलं. खालून वर जायची आमची पद्धत. डोकं गळ्याच्या खळीवरून फिरलं, जिथं ग्रंथी असते तिथूनही फिरलं, आणि कागद कोराच राहिला. यंत्र बिघडलं असं समजून मी त्याच्याखाली आयोडीनची बाटली ठेवून पाहिली, तर ठिपक्यांची नुसती झोड उठली. यंत्र ठीक होतं. मी सरांना बोलावलं.

"औषध प्यायली ही?"

"माझ्यासमोर, सर."

"मग आणखी वर जा. गाठीवरून फिरव."

गाठीवर आल्याबरोबर टकटक सुरू झाली. कागदावर एक गोल, दाट डाग उमटला. सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

ही ग्रंथी पोटातल्या बाळाच्या जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली मानेत उतरते, हे मी मेडिकलच्या पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. हिची वाटेतच थांबली होती. "सर, ही गाठच तिची थायरॉइड आहे," मी म्हणाले. "दुसरी नाही. काढली तर काहीच उरणार नाही."

"जा, सर्जनला तूच सांग," सर म्हणाले.

सर्जननी कागद नीट पाहिला आणि ऑपरेशन रद्द केलं. परत आल्यावर मी मायला समजावलं की ग्रंथी लहान आहे, तिचं काम मुलीला पुरत नाही, म्हणून थकवा येतो, थंडी वाजते. रोज एक गोळी घेतली की अंगात ताकद येईल आणि ग्रंथीवरचा ताण कमी होऊन गाठही बसेल.

"म्हंजे आळस नाही थो?"

"नाही."

मायनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "मले काय मालूम, बाई."

"मी तं सांगूनच राहिली होती," मुलगी हळूच म्हणाली.

पावसाळा सरल्यावर दोघी पुन्हा आल्या. गाठ शोधायला मला बोटांनी चाचपावं लागलं. मुलीचा चेहरा उतरलेला होता तो आता तरतरीत झाला होता, आणि बोलायला तीच पुढं होती. गोळी जन्मभर घ्यावी लागेल, असं मी सांगितलं. "घेईन," ती म्हणाली.

"यंदा धानाच्या रोवणीत माह्यापुढं होती," माय म्हणाली. "मीच मागं राहून गेली."

लग्नाचं कुठं जमतंय का, असं मी विचारलं. "पाहून राहिलो," माय म्हणाली. "घाई नाही."

त्यांना इतवारीच्या बाजारात भांडी घेऊन मग बस पकडायची होती, म्हणून त्या लवकर निघाल्या. त्या दिवशी आयोडीनची डबी आली होती आणि बाहेरच्या बाकावर पेशंट दाटीवाटीनं बसले होते. जेवायला उशीर होणार हे दिसतच होतं. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मन अगदी प्रसन्न होतं.