पेटीसोबतचा माणूस

ज्ञानदेव ओव्हाळ महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत पॅकिंग खात्यात होते आणि मी डिस्पॅचला कारकून. त्यांनी पेटी ठोकायची आणि मी चलन लिहायचं, असं एकतीस वर्षं चाललं. एवढ्या वर्षांत आम्ही फार बोललो असं नाही. त्यांना बोलायची गरज वाटायची नाही आणि मला जमायचं नाही. निवृत्तीनंतर पुनावळ्याला शेजारशेजारच्या इमारतींत राहायला आलो, तोही योगायोगच. त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. माझ्यापेक्षा बरं लिहिणारा कुणी त्यांना ओळखत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाड्या बनवणारे मोठे कारखाने सुट्या भागांचा साठा करत नाहीत. दोन-तीन तासांपुरता माल जवळ ठेवतात, बाकीचा आमच्यासारख्यांनी वेळेवर पोचवायचा. ट्रक वाटेत कुठे अडकला की तिकडची लाइन थांबायची वेळ येते. मग इकडून एक माणूस पंधरा किलोचं खोकं घेऊन प्रवासी विमानानं निघतो. ट्रक येईपर्यंत लाइन चालेल, एवढाच माल त्यात असतो. खोकं हातात द्यायचं, चलनावर पोच घ्यायची आणि परत यायचं. आमच्या कंपनीचा तो माणूस म्हणजे ज्ञानदेव. साठी उलटल्यावरही शेठनी त्यांना कंत्राटावर ठेवून घेतलं होतं, ते मुख्यतः यासाठीच.

बहुतेक खेपा चेन्नईजवळच्या एका कारखान्याच्या असत. ज्ञानदेवांची एकुलती एक मुलगी रश्मी चेन्नईतच असते. ती आणि जावई नागसेन दोघंही नोकरी करतात. पोच घेतली की परतीच्या विमानाला पाच-सहा तास उरायचे. तेवढा वेळ ज्ञानदेव मुलीकडे जायचे. जेवायचे, नातीला मांडीवर घ्यायचे, खुर्चीत बसल्याबसल्या जरा डोळा लागायचा, की निघायची वेळ व्हायची. वर्षातून अशा सहा-सात खेपा व्हायच्या. कस्तुरावहिनी गेल्यानंतर घर म्हणून त्यांना तेवढंच उरलं होतं.

मी एकदा म्हणालो, "एरवीही जात जा की. तिकीट काढायचं आणि जायचं."

"लेकीच्या घरी नुसतंच जाऊन कसं बसायचं?" ते म्हणाले. "नागसेन काही म्हणायचा नाही. पण आपल्यालाच वाटतं ना. पेटी असली की बरं असतं. कामाला आलो होतो, जाता जाता डोकावलो."

रश्मीला आईचं शिलाई मशीन हवं होतं. प्रत्येक फोनला ती आठवण करायची. ज्ञानदेव म्हणायचे, कुरिअरवाले फोडतील, पुढच्या खेपेला बघू. मशीन त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी होतं, वहिनींनीच शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हराखाली. ते हललं असतं तर त्या खोलीत एक खाट आणि बुद्धाची तसबीर एवढंच राहिलं असतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेठनी विमान घ्यायचं ठरवलं. एकट्यानं नाही, आमच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या आणखी दोन कारखानदारांच्या भागीत, आणि तेही वापरलेलं. हिंदुराव शेठ मूळचे महाळुंग्याचे शेतकरी. मालाचे नवे भाग आकारानं वाढले होते, पंधरा किलोंच्या खोक्यात चार-पाच सुद्धा मावेनात. लाइन थांबली की दंड, आणि दंडापेक्षा बदनामी मोठी. तेव्हा आख्खी पेटीच विमानात घालून पाठवावी, एरवी मालकांनी हिंडावं, असा विचार होता.

दोन विमानं समोर होती. एक जेट. आठ खुर्च्या, चामड्याच्या, मध्ये टेबल. शेठचे चिरंजीव रणजीत त्याच्या प्रेमात होते. माहितीपत्रकात सामानाची जागा भरपूर लिहिली होती. दुसरं पंख्याचं, एकाच इंजिनाचं, जेटपेक्षा सावकाश जाणारं. पण त्याच्या शेपटीकडच्या अंगाला माल चढवायचं वेगळं मोठं दार होतं आणि मागच्या खुर्च्या काढून ठेवता येत होत्या.

शेठ म्हणाले, "कागदावरचं आपल्याला काय कळत न्हाई. ज्ञानदेवला बोलवा. त्यो सांगंल पेटी जाती का न्हाई."

ज्ञानदेवांची पद्धत सगळ्या कंपनीला माहीत होती. ट्रक यायच्या आधी ते पॅकिंगच्या फरशीवर खडूनं त्याचा हौदा खऱ्याखुऱ्या मापात आखायचे आणि पेट्या त्यात मांडून बघायचे. ट्रक आला की एकाही पेटीला दुसऱ्यांदा हात लावावा लागायचा नाही. आता त्यांनी दोन्ही विमानं आखायला घेतली. दाराचं माप फरशीवर दाखवता येईना म्हणून लाकडी पट्ट्यांच्या दोन चौकटी ठोकल्या आणि उभ्या केल्या.

मला त्यांनी मापं लिहून घ्यायला बोलावलं होतं. खरं म्हणजे गरज नव्हती. जेवायच्या सुट्टीत आम्ही दोघंच तिथे होतो. पेटीची उंची खालच्या लाकडी पायांसकट पन्नास इंच भरली. पंख्याच्या विमानाचं दार बावन्न. जेटचं दार तीस इंचांचं, तिथे प्रश्नच नव्हता.

ज्ञानदेव टेप गुंडाळत म्हणाले, "जाते. दोन इंच राखून जाते."

मी त्या चौकटीकडे बघत राहिलो. पेटी विमानात गेली की खोकं घेऊन जाणारा माणूस लागणार नाही, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. आयुष्यात मी कधी खोटं माप लिहिलं नाही. त्या दिवशी मात्र मी पेन उघडून विचारलं, "त्रेपन्न लिहू का?"

गुंडाळलेली टेप त्यांनी खिशात टाकली.

"पेटी कोण मोजतंय पुन्हा?" मी म्हणालो. "दोन्हींतून जात नाही असं झालं तर विमानाचा विषयच मिटेल. तुमच्या खेपा चालू राहतील. रश्मी—"

"भाऊ," ते म्हणाले, "तीन इंच वाढवले तर मीच दर वेळी ती पेटी बघून खाली मान घालीन. पन्नास लिहा."

मी पन्नास लिहिलं. अजूनही मला त्या प्रश्नाची लाज वाटते. आणि अजूनही वाटतं, आणखी एकदा विचारायला हवं होतं.

दुपारी शेठ आले, रणजीत आले, आणि कंपनीतले बघे जमले. जेटच्या खडूच्या रेघांत कुणीतरी प्लास्टिकच्या आठ खुर्च्या मांडल्या. शेठ एकीत बसले आणि गुडघे समोरच्या खुर्चीला लागले.

"आरं, हे इमान हाय का रिक्षा?" शेठ म्हणाले. सगळे हसले.

"दादा, आतून मोठं वाटतं ते," रणजीत म्हणाले. "आणि सामानाला जागा आहे की. नाकात थोडी, शेपटीत थोडी. एकूण बघा ना."

"एकूण घिऊन काय करू? पेटीचे दोन तुकडे करू व्हय?" शेठ ज्ञानदेवांकडे वळले. "तू सांग."

ज्ञानदेवांनी पेटी हातगाडीवर घेतली आणि जेटच्या चौकटीला नेऊन टेकवली. पेटी बाहेरच राहिली. मग पंख्याच्या विमानाच्या चौकटीतून नेली. वर दोन इंच उजेड दिसला.

"म्हणजे बायकोला दाखवायला जेट आणि माल न्यायला पंखा," गर्दीतून कुणी तरी बोललं. रणजीतसुद्धा हसले. मनानं ते चांगले आहेत. त्यांनी लॅपटॉप उघडून वजनाचा हिशेब मांडला. टाकी पूर्ण भरली तर माल किती, जड पेटी मागे ठेवली तर तोल जातो म्हणून पुढे कुठवर सरकवायची, हे ते सांगत गेले आणि ज्ञानदेव खडूनं खुणा करत गेले. तीन पेट्या बसल्या. कोपऱ्यांत कुठे फट राहिली तिथे लाकडाच्या पाचरी. दोरी बांधायच्या जागासुद्धा आखल्या. जागा मोकळी राहिली की माल हलतो, असं ते नव्या पोरांना नेहमी सांगायचे. तिथे वीतभरही मोकळी राहिली नव्हती.

शेठ उठून त्या आखणीभोवती एक फेरी मारून आले.

"झ्याक," ते म्हणाले. "आन् तू कुठं बसनार?"

ज्ञानदेवांनी खाली बघितलं. वैमानिकाच्या दोन खुर्च्या, तीन पेट्या, पाचरी, दोऱ्या. सोबतच्या माणसाची खुर्ची त्यांनी आखलीच नव्हती. खडू बोटांत तसाच होता. नंतर ते मला म्हणाले, खरंच विसरलो हो. इतकी वर्षं पेट्याच मांडल्या, माणूस कधी मांडला नाही.

रणजीतनी लगेच आकडे बघितले. "काका, एक माणूस आणि खुर्ची घेतली तर तिसरी पेटी कमी करावी लागेल. पण करू की. तुम्ही म्हणाल तसं."

सगळे थांबले होते. एक शब्द बोलायचा होता. मी मनातल्या मनात तो म्हणत होतो.

"नको," ज्ञानदेव म्हणाले. "तिकडे उतरवून घ्यायला त्यांची माणसं असतात. पोच मोबाईलवर येईल. माणसाची गरज नाही."

पंख्याचं विमान आलं. पहिली खेप चेन्नईचीच निघाली, गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. ज्ञानदेव पेटीबरोबर विमानतळापर्यंत गेले, कारण पहिल्यांदा चढवताना ते हवेतच असं शेठनी सांगितलं होतं. चाकणहून निघून वाहतुकीतून तिथे पोचायला त्यांना दोन तास लागले. पेटी दारातून गेली, वर दोन इंच राहिले. दार बंद झालं. ते टेम्पोत बसून परत आले तोवर पेटी चेन्नईत उतरलीही होती. जूनमध्ये कंत्राट संपलं तेव्हा शेठनी शाल दिली, स्वतः गाडीपर्यंत सोडायला आले.

त्यानंतर आम्ही दोघं संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी बाकावर बसायचो. समोरच्या रस्त्यानं कंपन्यांच्या बसगाड्या जायच्या. ज्ञानदेव शिफ्ट ओळखायचे, मी हं म्हणायचो. एका रविवारी रश्मीचा फोन आला. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे, ऐकू कमी येतं म्हणून.

"जय भीम पप्पा. अहो, किती महिने झाले, तुमची खेपच नाही."

"जय भीम बाळा. लाइन नीट चालू आहे ना सध्या," ते म्हणाले. "ट्रक वेळेवर जातात. थांबली की येतोच."

"म्हणजे आम्ही लाइन बंद पडायची वाट बघायची का?" ती हसली. "बरं, मशीन तेवढं आणा येताना."

"हो, हो."

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघेनात. कंत्राट संपल्याचं त्यांनी मुलीला सांगितलंच नव्हतं. तीन इंच खोटे न लिहिणारा माणूस सहा महिने हे सांगत होता. "थंडी पडली," असं काहीतरी बोलून मी घरी आलो.

घरी मी कपाट उघडलं. नोकरी सुटताना रद्दीत निघालेलं एक जुनं चलनपुस्तक मी घेऊन आलो होतो. का, ते सांगता येणार नाही. मी सावकाश लिहिलं. मालाचं वर्णन, शिलाई मशीनचं डोकं, एक नग. पाठवणार, ज्ञानदेव ओव्हाळ. घेणार, रश्मी. वाहतूक, हस्ते. लिहून झाल्यावर वाटलं, हा पोरकटपणा आहे. फाडणार होतो. तरी सकाळी ते घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, आणि दारात उभा राहून नुसता कागद पुढे केला.

त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

"हस्ते कोण, ते लिहिलं नाही," ते म्हणाले.

"ते तुम्ही भरा."

ते खिडकीशी, मशीनपाशी गेले. मग कव्हर काढून त्याची घडी केली, टेबलाचे स्क्रू सोडवले आणि मशीनचं डोकं काट्यावर ठेवलं. साडेअकरा किलो. पंधराच्या आत. पेटी करायला त्यांना दोन दिवस लागले, इतकं सावकाश काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उरलेल्या फटीत वहिनींचं कव्हर घडी करून ठासलं. पेटी हलवून बघितली. आत काही हललं नाही.

बुधवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. दुपारी फोनवर पोचेचा फोटो आला. चलनावर रश्मीची सही होती, तारीख होती. खाली परतीची म्हणून एक ओळ आमच्या चलनावर असते, माणूस कधी परत निघाला ते लिहायला. तिथे तिनं लिहिलं होतं, "घाई नाही."

याला आता पंचवीस दिवस झाले. मी संध्याकाळी बाकावर बसतो. दुसऱ्या शिफ्टच्या बसगाड्या कोणत्या, ते मला अजून नीट ओळखता येत नाही.