फिलूबाईचं पाकट

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो! गोखिवऱ्याच्या कंगव्यांच्या कारखान्यात आम्ही तिघी पॅकिंगला होतो. साडेबाराला भोंगा झाला की तीन डबे एकाच खोक्यावर उघडायचे आणि अर्धा तास तोंड चालू. अशी सात-आठ वर्षं गेली की एकेका कालवणाला एकेक किस्सा चिकटतोच. पाकटाला तर पुष्कळच चिकटले!

पाकट म्हणजे तो चपटा मासा. सुपासारखं अंग, चाबकासारखी शेपटी आणि शेपटीवर विषारी काटा.

राजोडीची फिलूबाई आमच्यात मोठी. नवरा पास्कल, घरची होडी. वसुधाचं नुकतंच लग्न झालेलं. आणि मी सुनंदा. माहेर केळी-भाजीच्या वाडीतलं, सासर पाकटावर जीव टाकणारं. त्यात मी जन्माची घाबरट!

*

एकदा मी हिंमत करून एकटीनेच बाजारातून पाकट आणलं. शिजवताना नाकाला झिणझिण्या आल्या. मला वाटलं, मिरची असेल.

दुपारी डब्याचं झाकण काढलं मात्र, असा काही भपकारा उठला की डोळ्यांतून पाणीच आलं. शेजारी बर्फाचा कारखाना, थंडाव्याला अमोनिया वापरणारा. आमचे नवे सुपरवायझर जोशीसाहेब केबिनमधून धावत सुटले, "अमोनिया! अमोनिया लीक झालाय! सगळे बाहेर!"

मशीन बंद. सगळी माणसं रस्त्यावर. आम्हाला बघून बर्फवालेही बाहेर पळाले! मी डबा छातीशी धरून उभी. आज नोकरी गेली, आता घरी काय सांगू, एवढंच डोक्यात.

फिलूबाई जवळ आली, डबा हुंगला आणि ओरडली, "साहेब, बर्फवाल्यांना आत जाऊ द्या. पाकट हाय ते. चार दिवसांचं शिळं, म्हनून असं मारतंय!"

नोकरी राहिली. पण त्या दिवशी फिलूबाईने मला दम दिला, "रविवारी घरी ये. अशानं मानसं मारशील तू."

*

रविवारी गेले. शेपटी बोटीवरच तोडून टाकतात, पण मला दाखवायला म्हणून तिने ठेवली होती. काटा बोटभर लांब, करवतीसारखे दाते. "मेला तरी ह्याचं विष मरत नाय," ती म्हणाली आणि काटा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मग गरम पाण्यात घालून कातडी कशी खरवडायची, कोकम केव्हा घालायचं, सगळं शिकवलं. निघताना चार तुकडे कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकले.

एस.टी.त बसले आणि एकदम आठवलं. काटासुद्धा कागदातच होता! कुठला कागद पिशवीत आला?

पिशवी मांडीवर. शेजारी एक आजोबा पेंगत होते. दर खड्ड्याला त्यांचा हात पिशवीकडे सरके. मी म्हटलं, "आजोबा, जरा लांब बसा हो." मागून कोणीतरी बोललं, "एवढी काय सोन्याची पिशवी आहे?" शेवटी मी उभी राहिले आणि पिशवी वर धरून घरापर्यंत आले. हाताला फडकं गुंडाळून तुकडा न् तुकडा तपासला. काटा नाही. म्हणजे बसमध्ये पडला! आजोबांना लागला असेल! दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी धीर करून फिलूबाईला विचारलं.

"काटा? तो तुझ्यासमोरच चुलीत टाकला की गो!"

*

तेच चार तुकडे मी त्या रविवारी सासऱ्यांना वाढले होते. मी दाराआड उभी राहून नुसता भुरक्यांचा आवाज ऐकत होते. मग सासूबाईंनी पातेलं पुसून घेतलं आणि म्हणाल्या, "भात संपला. उद्यापासून जास्त टाकत जा."

आमच्या घरात याला सर्टिफिकेट म्हणतात!

*

पास्कलच्या पायाला पाकटाने काटा मारला, तेव्हा निरोप कारखान्यात आला. फिलूबाई हातातलं काम टाकून उठली. आम्ही दोघी तिच्यामागे.

एवढा धिप्पाड गडी, अंगणात गडाबडा लोळत होता. डॉक्टरांना आणायला माणूस गेला होता. फिलूबाईने सोसवेल तेवढं गरम पाणी घमेल्यात ओतलं, त्याचा पाय त्यात धरला आणि पाणी निवलं की पुन्हा ओतलं. तासभर. तिचा चेहरा पांढराफटक. मी मनातल्या मनात सगळे देव आळवले, तिचेही.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. हळूहळू पास्कलचं कण्हणं थांबलं. फिलूबाई वाकली. "काय पायजे? पानी देऊ?"

तो डोळे न उघडता म्हणाला, "ते पाकट घरी आनलं ना?"

तिने पाणी त्याच्या डोक्यावरच ओतलं!

*

हा शेवटचा मात्र मी वसुधाची मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत कोणाला सांगितला नव्हता.

वसुधाला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. तिसऱ्या वेळी सहावा महिना लागला, तरी ती काचेवरून चालल्यासारखी चालायची. तिला डोहाळा लागला पाकटाचा. फिलूबाईने आम्हा दोघींना रविवारी बोलावलं. पास्कलची होडी नुकतीच किनाऱ्याला लागली होती. परातीएवढं ताजं पाकट. वसुधा समोर पाटावर बसली.

फिलूबाईने पोट कापलं आणि तिचा हात थांबला.

आत पिल्लं होती. चार. तळहाताएवढी, घडी घातल्यासारखी. पाकट पिल्लं देतं हे मला ठाऊकच नव्हतं. बघता बघता एकाने कड उलगडली.

वसुधाने दोन्ही हात पोटावर घेतले. "फिलूबाई, ती जिवंत आहेत?"

फिलूबाईने तिच्याकडे क्षणभरच बघितलं. "सुनंदा, बादली!"

"पाणी घालून?"

"गोडं पानी नको! रिकामी दे!"

पन्नाशीची बाई. भोंग्यालाही कधी पळाली नव्हती, ती बादली घेऊन समुद्राकडे धावत सुटली. मी वसुधाचा हात धरून मागे. ती घसरेल म्हणून जीव मुठीत, आणि पिल्लं मेली असतील तर हिचं काय होईल, म्हणूनही.

फिलूबाई कमरेइतक्या पाण्यात शिरली. लुगडं तरंगत होतं. एक सोडलं. दुसरं. तिसरं. चौथं तिच्या ओंजळीत निपचित. ते पाण्याखाली धरून ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. किती वेळ कोण जाणे.

"पोहलं का?" वसुधा किनाऱ्यावरून ओरडत होती. "फिलूबाई, चौथं पोहत गेलं का?"

फिलूबाई वळली. दोन्ही हात वर केले. रिकामे. "गेलं गो!"

दुपारी पास्कल जेवायला बसला. ताटात डाळ-भात. "पाकट कुठाय?"

"नासकं निघालं," फिलूबाई म्हणाली. "टाकून दिलं."

सकाळी त्याने स्वतःच्या हाताने जाळ्यातून काढलेलं पाकट! पास्कलने तिच्या ओल्या लुगड्याकडे बघितलं. मग वसुधाकडे बघितलं. एक घास घेतला आणि म्हणाला,

"डाळीत मीठ बरोबर हाय."