वळणावरची वाळू

कुंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह आवळत होतो. "भावोजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "येतो" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि व्हॉल्व्ह पुरता आवळून मगच खाली उतरलो. बायको नंतर म्हणाली, "जिवाभावाचा मित्र गेला आणि तुम्हाला व्हॉल्व्ह सुचतो?" काय सांगणार तिला. अर्धवट आवळलेला नट मागे ठेवून मला कुठेच जाता येत नाही, आणि त्याचं कारण सुधाकरच आहे. या गोष्टीला दीड महिना झाला. खरवईतलं माझं घर ते बदलापूर स्टेशनपलीकडचं त्याचं घर, रिक्षानं पंधरा मिनिटं. पण हल्ली तेवढ्यानंही दमायला होतं. लिहितानासुद्धा दमायला होतंय. तरी लिहितोय, कारण पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, आमच्या जुन्या मोटारसायकल क्लबातले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "त्या वळणावर वाळू नसती तर आज सुधाकर गायकवाडचं नाव देशभर असतं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तिथं वाळू नव्हती.

सुधाकर आणि मी अंबरनाथच्या एका कारखान्यात एकाच दिवशी फिटर म्हणून लागलो. तो उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला, मी खरवईच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना वाटे, पोरानं परीक्षा देऊन साहेब व्हावं. माझ्या वडिलांना वाटे, पोरानं निदान लावणीला तरी घरी असावं. आम्ही दोघांनी मिळून जुनी मोटारसायकल घेतली. अडीचशे सीसीची, काळी, तीन मालकांनी पिळून काढलेली. अंगानं जड आणि सकाळी उठायला नाराज, म्हणून तिचं नाव म्हैस. कारखान्यात लोक आमच्या घरच्यांच्या आधी म्हशीची चौकशी करायचे. सुधाकर चालवायचा, मी जोडायचो. हे असं कधी बसून ठरवलं नव्हतं. वांगणीच्या रस्त्यावर पहाटे पहिल्यांदा त्याच्या मागे बसलो, त्यानं एक वळण घेतलं, आणि मला कळलं की हे आपल्याच्यानं होणारं नाही. मी डोळे मिटले होते आणि हा पठ्ठ्या शीळ घालत होता.

त्या काळी रेस म्हणजे औद्योगिक वसाहतीतले रस्ते. रविवारी कारखाने बंद असत, क्लबवाले पोलिसांची परवानगी काढत, आणि चार रस्त्यांचा एक चौकोन दोरी लावून अडवला जाई. वळणांवर लावायला पेंढ्याचे भारे आमच्या खळ्यातून जायचे, वडील म्हणायचे, "गुरांच्या तोंडचा घास नेतोस रं!" कल्याणहून, पुण्याहून पोरं यायची, चांगल्या गाड्या, चामड्याची जाकिटं. सुधाकरच्या अंगात कारखान्याचा निळा डगला. तरी दोन वर्षांत त्यानं पाच वेळा पहिला नंबर काढला आणि दर वेळी बक्षीस म्हणून स्टीलचा थर्मास मिळाला. त्याच्या आईनं शेवटी विचारलं, "दुसरं काही देत नाहीत का रे ते?"

गाडीची मोठी कामं आम्ही कॅम्प चारमधल्या लच्छूभाईच्या गॅरेजमध्ये करायचो. लच्छूभाई सिंधी, जाडा, कायम बनियनवर. त्यानं आम्हाला एक पद्धत लावून दिली. प्रत्येक नट पुरता आवळला की नट आणि बोल्ट दोन्हींवर येईल असा नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे काम झालं, पुन्हा हात लावायचा नाही. ठिपका फुटलेला दिसला, तर नट हललाय. बाटली सुधाकरच्या बहिणीची ढापलेली. "देख साईं," लच्छूभाई मला बजावायचा, "पहले कस, पीछे रंग. कभी उल्टा नहीं." दोन वर्षांत मी कधी उलटं केलं नव्हतं.

त्या रविवारी सुधाकरला बघायला बाहेरची माणसं आली होती. चांगला पळाला तर दक्षिणेतल्या मोठ्या स्पर्धेसाठी त्याला नेणार होते, गाडी त्यांची. सकाळी सहाला आम्ही दोघं खराटे घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गेलो, कारण तिथं बांधकामाची वाळू सांडायची. तासभर झाडलं. शेवटी सुधाकरनं गुडघ्यावर बसून तळहात डांबरावरून फिरवला आणि मला दाखवला. स्वच्छ होता. "इथं आता जेवायला बसलं तरी चालेल," तो म्हणाला.

गाडीपाशी परत येऊन बघतो तर चेन सैल. मी मागच्या चाकाचा नट ढिला केला, चेन ताणली, नट हातानं बसेल तेवढा बसवला. आवळायला मोठा रिंगपाना हवा होता, आणि तो लच्छूभाईनं पुण्याच्या कुणाला तरी दिलेला. बाटली उघडी होती, गाड्या लायनीत लावायची हाक झाली होती. तोवर हा ठिपका देऊन ठेवू, पाना आला की आवळू, असं म्हणून मी ठिपका दिला. पाना आला. मी खाली वाकलो, नटावर ताजा लाल ठिपका बघितला, आणि... माझाच ठिपका बघून मी समजलो की आवळून झालंय. पाना पेटीत टाकला. सुधाकरनं हेल्मेटचा पट्टा लावत विचारलं, "झालं का?"

मी म्हटलं, "झालं."

तिसऱ्या फेरीला, टाकीच्या त्याच वळणावर, चेन उतरून मागचं चाक जाम झालं. म्हैस आडवी झाली आणि सुधाकर पेंढ्याच्या दोन भाऱ्यांच्या मधून थेट रस्त्याकडेच्या दगडावर गेला. मी पोहोचलो तेव्हा त्याचा डावा पाय भलत्याच दिशेला होता. तो शुद्धीवर होता. मी शेजारी पडलेल्या म्हशीकडे बघितलं, मागच्या चाकाच्या नटाची जागा रिकामी होती. त्यानंही मान वळवून बघितली असावी, कारण मग त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. क्लबचे सेक्रेटरी धावत आले, कसं झालं, कसं झालं विचारायला लागले. सुधाकर म्हणाला, "वाळू. वळणावर वाळू होती."

नट मला दुपारी गटाराच्या कडेला सापडला. त्यावर अर्धा ठिपका तसाच होता. मी तो खिशात घातला आणि कुणाला काही बोललो नाही. भित्रा होतो, दुसरा शब्द नाही. पायात सळई बसली, गुडघा पुन्हा वाकला नाही. बाहेरची माणसं त्यांच्या वाटेनं गेली. म्हैस आम्ही भंगारात घातली. सुधाकरला कारखान्यानं स्टोअरमध्ये टेबलाचं काम दिलं. पुढची कित्येक वर्षं तो माझ्या स्कूटरवर मागे बसून कामाला आला, डावा पाय सरळ बाहेर काढून. गंमत अशी की वळण आलं की तो माझ्याआधी झुकायचा. मला पाठीत कळायचं. दर वळणाला कळायचं, आणि दर वळणाला वाटायचं, आज बोलून टाकू. मग कारखान्याचं गेट यायचं.

त्याचं लग्न झालं, बदलापूरला घर झालं, आणि त्या घरातलं काहीही बसवायचं असलं की मला बोलावणं यायचं. पंखा, खिडकीची ग्रिल, सिंकखालचा पाइप. मी आवळायचो आणि तो कुबडी टेकून खाली उभा राहायचा, हातात लाल नेलपॉलिश. "झालं का?" विचारायचा. मला तो शब्द तोंडातून काढवत नसे. मी म्हणायचो, "तूच बघ." त्यानं कधी पाना लावून बघितलं नाही. पंखा असला तर मी खाली उतरून त्याला स्टुलावर चढायला हात द्यायचो, तो ठिपका द्यायचा, उतरायचा. सुरुवातीला मला वाटे, हा माझ्यावर सूड उगवतोय. चिडायचो घरी येऊन. नंतर वाटू लागलं, विश्वास दाखवतोय, आणि ते जास्त जड गेलं. खरं काय ते मी विचारलं नाही. त्या घरात आज कुठेही बघा, लाल ठिपके दिसतील. कुंदावहिनी पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडे नटांनासुद्धा कुंकू लागतं."

जाण्याआधी तीन आठवडे मी त्याला भेटायला गेलो. मूत्रपिंडं थकली होती, दवाखान्यातून घरी आणलं होतं. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या, आणि मी खिशातून तो नट काढून त्याच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला. चाळीस वर्षांचा गंज, त्यात अजून जरासा लाल. म्हटलं, "सुधा, मी आवळला नव्हता."

त्यानं नट उचलला, चष्म्याजवळ नेला, फिरवला.

"कुठल्या गाडीचा रे?"

"सुधा..."

"वश्या, वाळू होती."

"आपण झाडली होती. तू हात फिरवून दाखवलास मला."

"मग नीट नाही झाडली." त्याला धाप लागत होती. "दोघांनी पण. तू पण, मी पण. समजला? आता बस कर यार, मी थकलो."

नट त्यानं परत दिला नाही, उशीखाली ठेवला. मी वहिनी येईपर्यंत बसून राहिलो. रडू आलं, ते त्यानं बघितलं आणि तोंड खिडकीकडे केलं. मला माफी हवी होती. त्यानं अर्धी चूक स्वतःकडे घेतली आणि उरलेली मला ठेवू दिली. आज वाटतं, याच्याहून जास्त कुणी कुणाला काय देणार? पण त्या दिवशी मी घरी आलो तो रिकाम्या हातांनी आल्यासारखा आलो, आणि पुन्हा बोलणं झालं नाही.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. त्याच्या खोलीतला पंखा खडखडत होता. खोली आवरलेली, पलंगावर चादर ताणलेली. नटाचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढलो, गुडघे कुरकुरले. पंख्याच्या बोल्टावरचा जुना ठिपका फुटला होता. मी नट आवळला. पुन्हा पाना लावून बघितला. मग आणखी एकदा. खाली बघितलं तर वहिनी त्याच्या नेहमीच्या जागेवर उभ्या होत्या, हातात ती लाल बाटली, झाकण उघडून.

"भावोजी, माझा हात नाही पोचायचा. तुम्हीच लावा आता," त्या म्हणाल्या, आणि वर बघत विचारलं, "झालं का?"

मी पाना चौथ्यांदा लावला. नट हलला नाही.

"झालं," मी म्हटलं, आणि बाटलीसाठी हात खाली केला.