थोरलीचं हाफ तिकीट

कंडक्टरबाईंशी माझं पहिल्याच दिवशी वाजलं. आमच्या सहा वर्षांच्या बारक्याला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडतोय तोच ही ठेंगणी, गोलमटोल बाई माझ्यापुढे पुठ्ठ्याचं तिकीट धरून उभी!

"दहा मिनिटं. रडा, भांडा, शिव्या घाला, नाहीतर नुसते बसा. आमच्या बाकावर."

"मला कामं आहेत," मी खेकसलो. मी रंगारी माणूस, एक भिंत अर्धी रंगवून तशीच सोडून आलो होतो. कसलं काम आणि कसलं काय!

"बरं. गाडी इथेच उभी आहे," म्हणून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

आधीच सांगून टाकतो, बारक्या आता ठणठणीत आहे. कालच शाळेत मारामारी करून आला. मी वरवर ओरडलो आणि मनातून जाम खूश झालो. तेव्हा जीव टांगणीला लावून वाचू नका. ही गोष्ट त्याची नाहीच.

बाईंनी एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली. निवृत्त होताना त्यांनी आगाराच्या भंगारातलं दोन माणसांचं बाक मागून घेतलं, आणि भोक पाडायचा आपला चिमटा. शेजारणीचं पोर या वॉर्डात होतं. तिला सोबत म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. समुपदेशक मॅडमनी त्यांना नीट शिकवलं, काय बोलायचं ते, आणि त्याहून जास्त काय बोलायचं नाही ते. व्हीलचेअर ठेवायच्या खोलीत बाक मांडलं. औषधांच्या रिकाम्या खोक्यांची तिकिटं कापली. तिकिटाला भोक पडलं की दहा मिनिटं बाई फक्त तुमच्या. मधे कोणी डोकावलंच तर "पुढच्या थांब्यावर!" म्हणून पिटाळायच्या.

माझी बायको दर आठवड्याला तिकीट घ्यायची. आत काय बोलायची देव जाणे, पण बाहेर आल्यावर माझ्याशी धड बोलायची. माझ्या आईने तर जवळजवळ पासच काढला होता. बारक्या सुई टोचून आला की बाईंना मनसोक्त शिव्या द्यायचा. "ही नवीन आहे हो!" म्हणत त्या वहीत लिहून घ्यायच्या. आणि मी? असली थेरं आपल्याला जमत नाहीत, असं म्हणून मी जिन्यात बसून राहायचो.

आमची थोरली तेव्हा अकराची. शाळा सुटली की दप्तरासकट यायची, बाईंची तिकिटं कापायची, वाटायची, रांग लावायची. हट्ट नाही, रडणं नाही. "पोरगी किती समजूतदार!" सगळे म्हणायचे आणि माझी छाती फुगायची. एकच गोष्ट होती. वरच्या मजल्यावर भावाकडे ती काही केल्या जायची नाही. "अभ्यास आहे," म्हणायची. आम्हाला वाटलं, सुयांना घाबरत असेल.

मग जंतू लागू नयेत म्हणून बारक्याला काचेच्या खोलीत ठेवायचं ठरलं. सहा आठवडे. आत फक्त त्याची आई, बाकीच्यांनी काचेतून बघायचं. आदल्या दिवशी त्याने एकच धोशा लावला, ताई पाहिजे! थोरली खाली तिकिटं कापत बसलेली. बायकोने हात जोडले, मी दटावलं. ती जागची हलेना. मला असा संताप आला की मी हात उगारला.

"थांबा!" बाई मधे आल्या. आमच्याकडे बोट करत त्यांनी डोकी मोजली, बसमध्ये मोजतात तशी. "आई झाली. आजी झाली. बारक्या झाला. या जिन्यातल्या साहेबांना दिलं, त्यांनी घेतलं नाही. आणि ही?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! सहा महिने हिच्या हातून तिकिटं वाटली आणि हिलाच एक दिलं नाही! गर्दीत मागे गुपचूप उभा असतो ना, नेमकं त्याच्याकडेच तिकीट नसतं. एवढी नोकरी केली, तरी चुकले. माझंच चुकलं गं, बाळा."

त्यांनी एक तिकीट मधोमध कापलं आणि भोक पाडलं. हाफ तिकीट. "बाबा आत हवेत की बाहेर?"

"आत," थोरली म्हणाली. "पण पाठ करून."

मी भिंतीला नाक लावून उभा राहिलो. भिंतीला रंग अगदीच भिकार दिला होता.

"त्याने माझे खडू मोडले," मागून आवाज आला. "मी म्हटलं, मर तू. दुसऱ्याच दिवशी त्याला ताप आला."

सहा महिने माझी लेक हे एकटी उरावर घेऊन फिरत होती, आणि मी गाढव तिला समजूतदार म्हणत होतो.

बाई तिला वेडी म्हणाल्या नाहीत. "फार जड आहे गं हे," म्हणाल्या. "असं बोलल्याने हा आजार होत नाही. पण मी पडले तिकिटं फाडणारी. चल, डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. "बोलण्याने होत नाही, भांडणाने होत नाही, कोणाच्याच चुकीने होत नाही. लिहून देऊ?"

"द्या," थोरली म्हणाली. त्यांनी हाफ तिकिटाच्या मागे लिहून खाली सही ठोकली.

ते तिकीट मुठीत धरून ती वर गेली. मी दाराशी थांबलो. तिने सगळं सांगितलं, तिकीट दाखवलं. बारक्याने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"हात्तिच्या! मी तर तुला रोज म्हणायचो. तुला कधी काय झालं?"

आधी तीच फिसकन हसली, मग दोघं पोट धरून. नर्स आली, बघून परत गेली.

मी हळूच जिन्यात जाऊन बसलो. थोड्या वेळाने थोरली आली, मागे कंडक्टरबाई. थोरलीने दप्तरातून एक तिकीट काढलं, अख्खं.

"बाबा, तुमचं राहिलंय."

"मला कामं..."

"बाबा."

बाईंनी आपला चिमटा तिच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी दाबून भोक पाडलं. तिकीट दहा मिनिटांचं होतं. मी पाऊण तास रडलो, आणि मला कोणी खाली उतरवलं नाही.