उड्या, फेकी आणि काळमेघ सर

शाळेच्या लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू दरवर्षी कमी होते, किस्से मात्र साचत जातात. वाळू पोरांच्या खिशांतून घरोघर जाते आणि किस्से आम्ही मास्तर लोक टपरीवर आणतो. मी हिवरखेडला पीटीचा मास्तर. काळमेघ सर माझे सीनियर. शरीर भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त.

*

लांब उडी फळीपासून अंगाच्या सगळ्यात मागच्या खुणेपर्यंत मोजतात. आमचा अंकुश झकास उडायचा आणि उतरल्यावर मागे हात टेकायचा. कमावलेलं तिथेच जायचं. सर म्हणाले, "लेका, हात मांगे टेकवू नको."

पुढच्या उडीला अंकुशने दोन्ही हात पुढे ताणून धरले आणि धप्पकन मागे बसला. खड्ड्यातूनच अभिमानाने म्हणाला, "सर, हात नाई टेकवला."

"हो बाप्पा," सर म्हणाले. "हातच तेवढा राह्यला."

*

उंच उडीत दांडीवरून पलीकडे पाठीवर पडायचं तर खाली मऊ काही हवं. शाळेकडे मॅट नव्हती, म्हणून सर मंडप डेकोरेशनवाल्याच्या गाद्या आणून वाळूच्या खड्ड्यावर टाकायचे. लग्न नसलं की गाद्या आमच्या, असलं की त्याच्या.

एका लग्नात आम्ही जेवायला गेलो. स्टेजवर नवरदेव गादीवर बसला, चुळबुळला, उठून शेरवानी झटकली. भुरभुर वाळू पडली. तो आमचाच जुना विद्यार्थी. त्याने सरांना जवळ बोलावून विचारलं, "सर, दांडी लावता का?"

*

भाल्याचं टोक आधी जमिनीला लागलं पाहिजे, नाहीतर फाउल. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत भाला कसाही फेका, रुततोच. उपटायला दोघं लागतात. जिल्हा स्पर्धेत अकोल्याच्या टणक मैदानावर मात्र अंकुशचा भाला आडवा पडून घसरत गेला. पंचांनी लाल झेंडा दाखवला.

अंकुश शांतपणे त्यांच्याकडे गेला. "आमच्या इथं रुतते जी. तुमचं मैदान फाउल हाय."

*

थाळीफेकीचा सराव पाहायला मुख्याध्यापक बाजूला खुर्ची टाकून बसले. अंकुशने गिरकी घेतली, थाळी भलतीकडेच सुटली आणि मुख्याध्यापकांच्या स्कूटीचा आरसा गेला. मुख्याध्यापक पांढरेफटक.

सरांनी त्यांची खुर्ची उचलून मैदानाच्या मधोमध, अंकुशच्या बरोबर समोर ठेवली. "इथं बसा सर. इकडं थो आजवर फेकूच नाई शकला."

*

आणि आमची प्रणाली. हात असा की गोळा सुटला की बघत राहावं. जिल्ह्यात पहिली आली तर अमरावतीला विभागीय स्पर्धा, नाहीतर मैदान कायमचं बंद, असं तिच्या बापाने सांगितलं होतं. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी तिच्यापेक्षा आम्हीच जास्त घाबरलो होतो.

अडचण एकच. शाळेत गोळा एकच, आणि सरांचा नियम, ज्याने फेकला त्यानेच आणायचा. वर्षानुवर्षं प्रणाली फेकायची आणि तशीच पुढे धावायची. स्पर्धेत मात्र वर्तुळातून मागच्या बाजूने निघावं लागतं. पहिली फेक जबरदस्त. प्रणाली पुढे धावली, लाल झेंडा. दुसरी फेक आणखी लांब. पुन्हा धावली, पुन्हा लाल झेंडा. सर नॅपकिन चावत होते.

शेवटची फेक. गोळा सगळ्यांच्या पुढे जाऊन पडला, पंचांनी तिथे खूण ठोकली. प्रणालीने पाय उचलला आणि कसाबसा परत ठेवला. मग ती वर्तुळात खांबासारखी उभी.

"मागून बाहेर ये बेटा," पंच मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, गोळा तिथं पडला असला की माहा पाय पुढंच जाते. आधी गोळा आना."

"आणतील कुणीतरी. तू निघ."

"नाई मॅडम. मले माह्या पायाचा भरोसा नाई."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर आभाळाकडे बघत होते. मॅडमनी पदर खोचला, स्वतः मैदानात गेल्या, गोळा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि वर्तुळाच्या मागे येऊन तिला दाखवला.

प्रणाली वळली आणि गोळ्याकडे धावत सुटली. पांढरा झेंडा वर गेला.