शालन मढवीच्या बिल्ल्याखालची पट्टी

पन्नाशी उलटलेली बाई छातीवर ‘मी नवीन आहे, सांभाळून घ्या’ असं लावून काउंटरवर बसलेली दिसली, तर बहुतेक लोक सांभाळून घेतात. मला आधी लबाडीचा वास येतो.

ठाण्याला कामगार कचेरीत तारीख होती. साहेब जेवायला गेलेले, म्हणजे दुपार मेली. ठाकुर्लीला आमच्या संघटनेची खोली आहे, तिथली गळकी इलेक्ट्रिक किटली पिशवीत होती. ती परत करावी म्हणून नौपाड्यातल्या एका मोठ्या दुकानात शिरले. दुकानाचं नाव लिहीत नाही. वकिलांच्या नोटिसा माझ्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

माल परत घ्यायच्या काउंटरवर ही बाई. केसात अबोलीचा गजरा, गुडघा काउंटरखाली खोक्यावर टेकवलेला. बिल्ल्यावर नाव, शालन मढवी. आणि नावाखालच्या खाचेत ती पिवळी पट्टी.

या पट्ट्यांचा धंदा आधी सांगते. बिल्ला कायमचा, पट्टी बदलती. राखीला ‘मला विचारा, एकावर एक फुकट’. गणपतीत ‘मोदकाचा साचा माझ्याकडे’. शाळा सुरू व्हायच्या वेळेला ‘दप्तर दाखवू का?’ मॅनेजरच्या टेबलावर डब्यात सगळ्या पट्ट्या पडलेल्या असतात. सकाळी आलं की त्या दिवसाची उचलायची आणि आपल्या नावाखाली सरकवायची. भिंतीला पोस्टर चिकटवतात तसं माणसाला चिकटवायचं, आणि भिंतीचं भाडंही द्यायचं नाही. त्यातच नव्या पोरींसाठी ही पिवळी. पहिला महिना लावायची, मग डब्यात परत टाकायची.

हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मला एवढंच दिसलं की पांढऱ्या केसांच्या बाईला शिकाऊ म्हणून बसवलंय. म्हणजे शिकाऊ पगार. म्हणजे फंड नाही, रजा नाही, काही नाही. असली प्रकरणं मी उभ्या उभ्या ओळखते.

मी हळूच विचारलं, “मावशी, नवीन म्हणजे किती नवीन?”

“बिल हाय?”

असा आवाज की शेजारच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. 

“बिल आहे. पण तुम्ही इथं कधीपासून...”

“खोका? खोक्याशिवाय घेत नाय!”

“खोका पण आहे हो. मी विचारते...”

“तुमी विचारू नका. मी विचारणार. किटली गळते कुठून, दाखवा!”

मी किटली दाखवली. तिने किटली कमी आणि मला जास्त पाहिलं. मग बिलावर शिक्का मारताना, तिच्या मते हळू आवाजात, पण अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, “कंपनीवाल्यांना सांगा, शालन सगला बरोबर करते.”

म्हणजे मी तिला दुकानाच्या मुळावर उठलेली बाई वाटावी, तर तिला मी कंपनीचीच माणूस वाटले! या कंपन्या गिऱ्हाइकाच्या वेषात माणसं पाठवतात. ती खोटं काहीतरी परत करतात, वाकडे प्रश्न विचारतात आणि वर जाऊन चुगली करतात. त्यामुळे तिथल्या पोरी प्रत्येक जास्त बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तपासणीवाला समजतात. मला राग आला. आयुष्यात मला कोणी कंपनीची म्हटलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी ठाकुर्लीच्या मच्छीबाजारात मागून आवाज आला, “बोंबलाला पानी किती मारलंस गो, पोहायला लागतील!” मी न वळता ओळखलं.

तिनेही मला पाहिलं. पिशवी छातीशी धरली. “तपासणीवाली! इकरं पन पाठी आली?”

“अहो, मी संघटनेची आहे! रसिका. पुलाजवळ आमची खोली आहे, विचारा कुणालाही.”

कोळणीने मान डोलावून साक्ष दिली. तिच्या पोराची नोकरी मी वाचवलेली. शालनबाईंनी मग मला वरपासून खालपर्यंत पुन्हा मोजलं आणि म्हणाल्या, “संघटनेची? मंग तर आनखीच बघून बोलाया पायजे.”

तरी घरी नेलं. चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत तळमजल्याला दोन खोल्या, दारात नवरा नाथा लसूण सोलत बसलेला. मढवी कुटुंब इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या. आधी भात पिकवला, खाडीकडे मिठागरावर राबले. बाकीच्या भाऊबंदांच्या आता इमारती आहेत, गळ्यात साखळ्या आहेत. यांच्या वाट्याला या दोन खोल्या. मी कारण विचारलं.

“हलू बोलन्यामुले,” शालनबाई म्हणाल्या. “सासऱ्याच्या कानात एक दलाल रोज सांजच्याला येऊन बोलाचा. कानातच बोलाचा. जमीन पन कानातल्या कानात गेली. आमच्यात हलू बोलतो तो चोर, नायतं दलाल.”

“आणि मोठ्याने बोलतो तो?” मी विचारलं.

“तो घरचा,” नाथा म्हणाला. “ही तर लयच घरची.”

मी मुद्द्यावर आले. पगाराची चिठ्ठी मागितली. कुठल्या कलमाखाली कंपनीला धरायचं ते माझ्या डोक्यात आधीच लावून झालेलं. चिठ्ठी पाहिली आणि माझं तोंड पडलं. फंड कापलेला, पगार जुन्या माणसाचा. शालन मढवी त्या दुकानात दुकान उघडल्यापासून कायम होती.

“मग ती पिवळी पट्टी का लावता?”

“मीच लावतंय. डब्यातून उचलतंय. मॅनेजर बघत नाय कोन काय लावतो.”

मला वाटलं बाई माझी फिरकी घेतेय. पण तसं नव्हतं.

मिठागराच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारत वाढलेली बाई. तिचं “या” सुद्धा लांबून आल्यासारखं ऐकू येतं. आणि बसवली कुठे, तर नौपाड्यात. तिथली जुनी माणसं ‘कृपया’ लावून भांडतात. तिने “बिल कुठं?” म्हटलं की त्यांना वाटायचं बाईने चोर ठरवलं. दोन लेखी तक्रारी गेल्या होत्या. दोन्हीत एकच, ‘ओरडून बोलतात, उर्मट आहेत.’ तिसरी गेली की काउंटर सुटणार आणि भिवंडीकडच्या गोडाऊनला बदली. तिथे दिवसभर उभं राहून खोके उचलायचे. तिचा गुडघा तर जिना चढतानाच देवाचं नाव घेतो. म्हणजे गोडाऊन म्हणजे घरीच बसणं, आणि नाथाची कमाई लसूण सोलण्याइतकीच.

“एक दिवस चुकून पिवली पट्टी लागली,” ती म्हणाली. “तो दिवस कोनीच चिडला नाय. मी तशीच बोलत होती, पन लोक म्हनाले, असूं दे, नवीन हाय बिचारी. एका आजीनी तं गालाला हात लावला माझ्या! मी तिच्याच वयाची.”

मला यात लढा दिसेना, आणि लढा दिसला नाही की मी चिडते. “म्हणजे तुम्ही रोज खोटं लावून बसता,” मी म्हटलं.

“आनि त्या पोरी लावतान ‘सगल्यात स्वस्त’, ता खरा हाय का?”

मी पगाराची चिठ्ठी घडी करून परत दिली.

दसऱ्याच्या आधी तिचा फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरून मी ऐकलं. नवीन मॅनेजर आला होता, मयूर नावाचा, तरुण, इस्त्रीचा. त्याने डबा कुलपात घातला. आता पट्टी तो स्वतः देणार. सगळ्यांना एकच, लाल रंगाची: ‘मी हसले नाही? मग चॉकलेट तुमचं!’ पोरं काउंटरपाशी येऊन तोंडासमोर तोंड आणून उभी राहायची, ती कधी हसायची थांबते याची वाट पाहत. आणि मयूरने तिला बोलावून सांगितलं होतं, “मढवी मॅडम, तुमच्या दोन कंप्लेंट्स माझ्या फाइलला आहेत. फक्त आवाज खाली ठेवा आणि हसा. एवढंच. तिसरी आली तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

माझ्या हातात काही राहणार नाही! हे वाक्य मी सगळ्या मॅनेजरांच्या तोंडून ऐकलंय. ज्याच्या हातात असतं तोच हे बोलतो. मी म्हटलं, ठरलं, बाईला घालवायचाच डाव आहे. रात्रीत पत्रकं लिहून काढली, सकाळी छापली, पिशवीत भरली आणि दुकान गाठलं. दारातच घोषणा द्यायची होती.

पण आत रांग. माल परत करायच्या काउंटरपासून थेट चपलांच्या विभागापर्यंत. आणि काउंटरवर शालनबाई, लाल पट्टी लावून, हसतायत. असलं हसू मी लग्नाच्या फोटोतल्या विहिणींच्या तोंडावरच पाहिलंय. ओठ हलत होते. आवाज शून्य.

पुढे एक आजोबा, धोतर नाही पण धोतराचाच रुबाब, हातात चादर. “काय म्हणालात?”

ओठ हलले.

“अहो, ऐकू येत नाही. बिल म्हणालात की मिळेल म्हणालात?”

ओठ पुन्हा हलले. हसू तसंच.

“जरा मोठ्याने बोला ना बाई!”

तिने शेजारच्या काउंटरवरच्या करिश्माला खुणेने बोलावलं आणि तिच्या कानात सांगितलं. या बाईने कुणाच्या कानात बोलावं! तिला ते किती जड गेलं असेल ते तिच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. करिश्मा उभी राहून म्हणाली, “काका, मावशी बोलते की तिला मोठ्याने बोलायची बंदी आहे.”

“बंदी? कुणी घातली बंदी?”

“सरांनी.”

रांग हसायला लागली. मागून कोणीतरी ओरडलं, “अरे, तिला निदान माईक द्या!” आजोबा मात्र हसले नाहीत. नौपाड्यातली माणसं चिडली की हसत नाहीत, लिहितात. “तक्रारवही आणा,” ते म्हणाले. पेन मिळेना, तेव्हा मी माझं दिलं. त्या दिवशीचं माझं सगळं कार्य म्हणजे ते पेन. आजोबांनी सुंदर अक्षरात लिहिलं, आणि लिहिता लिहिता वाचूनही दाखवलं: “काउंटरवरील महिला कर्मचारी इतक्या हळू बोलतात की ग्राहकास काहीही ऐकू येत नाही. त्यांना मोठ्याने बोलण्याची समज द्यावी.”

मयूर धावत आला. वही वाचली. “मढवी मॅडम, ही तिसरी. मला आता वर पाठवावीच लागेल.”

तिने हसत काहीतरी म्हटलं.

“काय?”

पुन्हा म्हटलं.

“मॅडम, मोठ्याने बोला!” तो स्वतःच ओरडला. चपलांच्या विभागातली माणसं टाचा उंचावून बघायला लागली.

मग ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. आणि एवढा वेळ दाबून ठेवलेला आवाज सोडला.

“पाठवा की साहेब! तिन्ही एका पाकिटात घाला! दोन म्हनतान ओरडते, तिसरा म्हनतो ऐकू येत नाय! वरच्यांना पन कलू दे, एकच बाई हाय का दोन ठेवल्यात!”

आजोबांनी चादर खाली ठेवली. “आत्ता कसं,” ते म्हणाले. “स्पष्ट ऐकू आलं. एवढंच हवं होतं मला.”

मयूरचा चेहरा बघण्यासारखा झालेला. ते तीन कागद एकत्र वर पाठवले तर वरचे तिला नाही, यालाच विचारणार की तू नक्की काय सांगितलंस. हिशेब त्याला कळला. पोरगा मठ्ठ नव्हता. त्याने खिशातून किल्ली काढली, डबा उघडला आणि पिवळी पट्टी तिच्यापुढे धरली. “ही लावा. पूर्वीसारखी. आणि विषय संपवा.”

मी पिशवीतल्या पत्रकांवर हात ठेवून उभी. मला वाटलं घेईल.

“मी नवीन नाय,” ती म्हणाली. “ह्या दुकानात तुमी नवीन हाव. ती तुमी लावा.”

रांगेत टाळ्या पडल्या.

“मग काय पाहिजे तुम्हाला?”

“मी सांगन ती पट्टी.”

नौपाड्यातच गल्लीत पाट्या कोरणारा एक जण आहे. खाचेच्या मापाची पट्टी त्याने तिला बसल्या बसल्या कापून दिली. मजकूर तिचाच: ‘आवाज मोठा आहे, राग नाही.’ मयूरने एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि बरं म्हणाला. तिसरी तक्रार वहीतच राहिली. शालनबाई काउंटरवर राहिल्या. माझी पत्रकं ठाकुर्लीच्या खोलीत आहेत, पाठकोरी आहेत, हिशेबाला वापरते.

परवा पुन्हा गेले होते. परत करायला काही नव्हतं, म्हणून नुसतीच उभी राहिले. एका बाईला शालनबाईंनी “खोका कुठं?” विचारलं. बाई दचकली, पट्टी वाचली आणि खुदकन हसून खोका पुढे केला. ती गेल्यावर मी म्हटलं, “बघा! आता कुणी चिडत नाही.”

शालनबाई त्या बाईच्या पाठीकडे बघतच होत्या. “हसली कशाला पन? तपासनीवाली असंल.”

“तुम्हाला सगळे तपासणीवालेच दिसतात.”

“तुना नाय दिसत?” मग माझ्याकडे वाकून, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हळू, म्हणाल्या, “त्या मयूरनी काल माझ्या पट्टीचा फोटू काढला मोबाइलमधी. वरती पाठवला बोलतो. त्यांना आवडली बोलतो.”

मी मयूरच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं. तो फोनवर होता आणि दार लावून, तोंडापुढे हात धरून, अगदी हळू बोलत होता.

मी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले.