निकाल सांगायचा नाही

बाबांचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असे. मी बँकेत त्या दोन दिवसांची अर्धी रजा टाकून नंदनवनच्या घरून त्यांना गाडीनं धंतोलीच्या दवाखान्यात घेऊन जायची. चार तास बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि परत आणायची. आई गेल्यापासून आम्ही दोघंच घरात. बाबा सावनेरजवळच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. माझ्याशी तर दिवसाकाठी दहा-बारा शब्द. ते तसेच आहेत, अशी मी स्वतःची समजूत काढली होती आणि त्यावर माझं ठीक चाललं होतं.

पोळ्याच्या आसपास त्यांच्या शेजारच्या बेडवर उमरेडकडचे एक निवृत्त शाळामास्तर आले. त्यांच्याकडे टॅब होता आणि त्यांना इटलीच्या फुटबॉलचा नाद होता. तिथली पहिली लीग तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. सामने आपल्याकडच्या रात्री होतात, म्हणून मास्तर सोमवारी सकाळी टॅबवर त्याचं रेकॉर्डिंग लावत. दोन बेडांच्या मधल्या सरकत्या टेबलावर टॅब ठेवायचा, एक इअरफोन मास्तरांच्या कानात, एक बाबांच्या. महिनाभरात माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात क्रिकेटची मॅचसुद्धा पूर्ण बघितली नव्हती, ते सोमवारची वाट बघायला लागले.

डायलिसिसची वाट बघणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मास्तरांनी संघही निवडला होता तो यादीत अगदी तळाचा. त्या लीगमध्ये वर्षाच्या शेवटी खालच्या तीन संघांना दुसऱ्या लीगमध्ये ढकलतात, आणि समुद्रकाठच्या एका लहान गावाचा हा संघ पहिल्या दिवसापासून त्याच वाटेवर होता. मोठा संघ का नाही घेतला, असं मी एकदा विचारलं, तर बाबा म्हणाले की वरच्यांना सगळेच पाहतात. पुढे म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं." एवढं बोलून खिडकीबाहेर बघत बसले.

या खेळाचा एकच नियम माझ्यापर्यंत आला. निकाल सांगायचा नाही. सोमवारी सकाळी वर्तमानपत्रातलं खेळाचं पान मी काढून ठेवायचं. पुण्याच्या भावाला मी कळवायचं की घरच्या ग्रुपवर फुटबॉलचं काही टाकू नकोस. टीव्हीवर बातम्या लावायच्या नाहीत. हे सगळं मी केलं, कारण घरात करणारी मीच. पान काढताना मात्र ते वाचल्याशिवाय राहवेना, आणि त्यात काही नसलं की मोबाइलवर शोधायची. थोड्याच दिवसांत ऑफसाइड म्हणजे काय, कोणाचा गुडघा दुखावला, कोणत्या प्रशिक्षकाला काढलं, हे सगळं मला पाठ झालं. मास्तरांपेक्षाही जास्त असेल. कुणीतरी विचारेल म्हणून शिकले होते. कुणी विचारलं नाही.

डायलिसिसच्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत. दाराला एक काच आहे, तिच्यातून दिसतं, ऐकू येत नाही. एक आवाज मात्र बाहेर यायचा. सुया टोचलेला हात हलला की मशीन पीं पीं करतं. आमच्या संघानं गोल केला की बाबांचा हात हलायचा, मशीन ओरडायचं, आणि सिस्टर रागावत धावायची. मी बाहेर खुर्चीवर बसून तो आवाज ऐकायची. मला गोल आधीच माहीत असायचा. ते मात्र दोघं आत हसत असायचे, आणि माझ्या पोटात दुखायचं.

हो, पोटात दुखायचं. एका आजारी, सत्तरीच्या, पांढऱ्या मिशीच्या माणसाचा मला हेवा वाटत होता. संध्याकाळी बाबा गॅलरीत जाऊन त्यांना फोन लावत. वीस वीस मिनिटं. मी भाजी चिरता चिरता कान टवकारून ऐकायची: कोणाला बाहेर बसवायला हवं होतं, पंच कसा आंधळा होता. फोन ठेवून आत आले की पुन्हा तोच चेहरा. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं, म्हणून मी विचारायची, आज पाणी किती झालं? गोळी घेतली का? मोजून तीन शब्द यायचे. मोसमात घरात संत्र्यांची टोपली आली, तर त्यांना चालत नाहीत म्हणून मी ती लपवून ठेवली. मास्तरांनाही चालत नाहीत. दोघांनी फोनवर संत्र्यांच्या आठवणी काढल्या. माझ्यापुढे चकार शब्द नाही.

बघता बघता मे संपत आला. उन्हानं गाडीचं स्टिअरिंग हात लावू देईना. इटलीतला शेवटचा सामना उरला होता. तो जिंकला तर त्या गावाचा संघ वाचणार होता, नाहीतर खाली. बाबांनी आदल्या दिवशी माझ्याकडून निळा शर्ट इस्त्री करून घेतला, कारण मास्तरही निळा घालणार होते. सोमवारी सकाळी मी खेळाचं पान काढलं, मोबाइल बघितला आणि गप्प बसले. खरंच गप्प बसणार होते.

मेडिकल चौकातल्या सिग्नलवर गाडी थांबली तेव्हा बाबा आपणहून बोलले. मला वाटलं, आज तरी. ते म्हणाले, "आज मशीन लागली की तू घरी जाय. तू काचेतून पाहत राहते, मास्तरले अवघडल्यासारखं होते."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढ्या महिन्यांच्या अर्ध्या रजा, प्लॅस्टिकची खुर्ची, काढून ठेवलेली पानं, सगळं एकदम तोंडाशी आलं. मी समोर बघत म्हणाले, "हरले, बाबा. तीन-एक. खाली गेले."

सिग्नल सुटला. मागचा ऑटो हॉर्न वाजवत होता. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. दवाखान्यात वजन झालं, सुया टोचून झाल्या.

मी घरी गेले नाही. काचेपाशी उभी राहिले. आता बाबा मास्तरांना सांगतील, मास्तर टॅब मिटतील आणि हा संसार एकदाचा मोडेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण मास्तरांनी टॅब लावला आणि बाबांनी आपला इअरफोन कानात घातला. थोड्या वेळानं त्यांच्या संघानं पहिला गोल केला. दोन्ही मशीनं एकदम ओरडली. बाबा हसत होते. सिस्टर धावत आत गेली तेव्हा दार उघडं राहिलं, आणि ती म्हणत होती की दोघंही हात हलवून राहिले, रक्त येईल.

मग उरलेले तीन गोल, तिन्ही समोरच्यांचे. मला क्रम ठाऊक होता. बाबांना आकडा ठाऊक होता. फक्त मास्तरांना काही ठाऊक नव्हतं. तिसरा गोल झाल्यावर मास्तरांनी कानातली वायर काढली आणि टॅबकडे हात नेला. तेवढ्यात सिस्टर पुन्हा दारातून बाहेर आली आणि बाबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"अजून वेळ हाय, मास्तर. चालू ठेवा. होते."

मास्तरांनी वायर परत कानात घातली. ती शेवटची दहा-बारा मिनिटं माझे बाबा मान पुढे काढून, मूठ आवळून, हरलेला सामना जिंकायची वाट बघत होते. इतकं खोटं त्यांनी माझ्यासाठी कधी केलं नव्हतं. शिट्टी झाली असावी, कारण मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बाबांनी मोकळा हात लांब केला. बेड दूर होते, पोचला नाही. मग त्यांनी तो हात मधल्या टेबलावर तसाच ठेवून दिला. बघताना मला लाज वाटली, आणि लाजेच्या आतसुद्धा जळणं होतंच.

परतताना गाडी तापलेली होती. एसी लागेपर्यंत मी काच खाली ठेवली. बाबांनी दंडावरची पट्टी दाबून धरली होती.

"काहून सांगितलं वं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी खरं ते बोलले. "त्यांच्याशी बोलता तेवढं माझ्याशी बोलले का कधी?"

चौक आला, गेला.

"तू मले जे विचारते ते सारं दवाखान्याचं असते," ते म्हणाले. "पाणी किती, गोळी घेतली का, वजन किती. मास्तर विचारतेत, आज कोण जिंकन?"

मला याचं उत्तर द्यायचं होतं. मी करते म्हणून तर तुम्ही आहात, असं काहीतरी. पुढच्या सिग्नलला त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, आणि सवयीनं माझं तोंड उघडलं: आज पाणी किती... मी ते तिथंच मिटलं.

मग नंदनवन येईपर्यंत मी दुसरा एखादा प्रश्न शोधत राहिले.